गीझर बसवताय? आधी तिसरी तार बघा!

दिवाळी जवळ आली, की अभ्यंगस्नानाच्या निमित्तानं घरोघरी गीझरची बोलणी सुरू होतात. आजीच्या घरचा तांब्याचा बंब माळ्यावर गेला. आता बटण दाबलं की गरम पाणी. पण मैत्रिणींनो, बंबाचा फार तर चटका बसायचा. गीझर बसवतानाची चूक जिवावर बेतू शकते. हे ऐकीव नाही, अनुभवानं सांगते आहे.

आम्ही २५ लिटरचा गीझर घेतला. आय.एस.आय.चं चिन्ह पाहिलं, भावात घासाघीस केली. बसवायला आलेल्या माणसानं अर्ध्या तासात तो भिंतीवर चढवला. आठवड्यानं सासूबाई म्हणाल्या, "अगं, नळाला हात लावला की मुंग्या येतात." मला सकाळच्या शाळेची घाई. "थंडीनं होत असेल, आई," म्हणून मी निघूनही गेले! चार दिवसांनी ओल्या हातानं मीच तो नळ धरला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या, तेव्हा कुठे डोळे उघडले.

मेन स्विच बंद केला आणि परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्यानं सॉकेट उघडून दाखवलं. समोरून भोकं तीन, पण मागे तारा दोनच! वरच्या मोठ्या भोकाला अर्थिंगची तारच नव्हती.

गीझरमध्ये पाणी तापवणारा एलिमेंट असतो. तो बिघडला की वीज टाकीत आणि पाण्यात उतरते. अर्थिंग असेल तर ती जमिनीकडे जाते. नसेल तर नळ धरणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. म्हणून बसवणाऱ्याच्या शेजारी उभ्या राहा आणि एवढं करूनच घ्या :

१. २००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि मेन बोर्डापासून स्वतंत्र जाड तार हवी. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. स्विच बाथरूमबाहेर घ्या.

२. अर्थिंग नुसतं विचारू नका, तपासून दाखवायला सांगा. काही जण अर्थिंगची तार न्यूट्रललाच जोडून वेळ मारून नेतात. ते फार धोक्याचं.

३. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवा. वीज गळू लागताच तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला पाहिजे.

४. २५ लिटर पाण्याचंच वजन २५ किलो, टाकीचं वेगळं. भिंत विटांची, पक्की हवी आणि बोल्टही तसेच.

५. थंड पाण्याच्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह वगळू देऊ नका. पाणी तापताना त्यातून थेंब गळतात. गळती समजून त्याला बूच मारू नका. आतला दाब तिथूनच सुटतो.

६. पहिल्यांदा सुरू करताना गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा. त्यातून सलग धार आली, म्हणजे टाकी भरली. मगच बटण दाबा.

आणि रोजचा नियम : आधी तापवा, मग बंद करा, मगच अंघोळीला जा. २५ लिटर पाणी साधारण अर्ध्या तासात तापतं, वीज लागते एक युनिटच्या आसपास. म्हणजे यात बिलाचीही बचत.

आमच्या वायरमननं एलिमेंट बदलून घ्यायला लावला, नवी तार ओढली, आर.सी.सी.बी. बसवला. खर्च झाला, पण तो गीझरच्या किमतीतच धरायला हवा होता. आता मी टॉवेल घेऊन निघाले, की सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात, "बंद केलास का गं?" मी मुकाट्यानं मागे फिरून स्विच बघते. त्या दिवशी त्यांचं ऐकलं नव्हतं ना! तुमच्या घरात कुणी "मुंग्या येतात" म्हटलं, तर तुम्ही मात्र लगेच ऐका.