भूजलपूर (काशीद परिसर)

जमिनीखालील पाण्याची पातळी चढत जाऊन भूपृष्ठापर्यंत पोहोचली म्हणजे सखल जागी पाणी खालून वर येऊन साचते. यास भूजलपूर म्हणतात. नदीचा वा ओढ्याचा पूर वेगाने येतो व पाऊस थांबल्यावर बहुधा लवकर ओसरतो. भूजलपूर मात्र सावकाश येतो आणि पाऊस उघडल्यानंतरही कित्येक दिवस वा आठवडे टिकतो. दक्षिण इंग्लंडमधील चॉक या मऊ चुनखडकाच्या प्रदेशात २०००–०१ व २०१३–१४ च्या हिवाळ्यांत असे पूर आले होते. पावसाळ्यात पाणी पाझरणारी ‘उपळट’ जमीन महाराष्ट्रातील शेतकऱ्यास परिचित आहे. भूजलपूर हे तिचेच उग्र रूप होय.

खडकातील ज्या फटींतून व छिद्रांतून पाणी निथळू शकते त्यांचे प्रमाण या बाबतीत निर्णायक ठरते. वाळूत ते २० टक्क्यांच्या आसपास असू शकते. दख्खनच्या बेसाल्ट खडकात ते सामान्यतः १ ते ३ टक्केच असते. ते २ टक्के धरल्यास १० सेंमी. पाणी मुरल्याने भूजलपातळी ५ मी. चढते, वाळूत ती तेवढ्याच पाण्याने अवघी अर्धा मीटर चढेल. म्हणून बेसाल्टाचा प्रदेश लवकर भरतो आणि लवकर रिताही होतो.

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील काशीद येथील भूरचना या क्रियेस अनुकूल आहे. गावाच्या पूर्वेस फणसाड अभयारण्याचे (स्थापना १९८६) वनाच्छादित डोंगर, पश्चिमेस सुमारे ३ किमी. लांबीची पुळण व या दोहोंमध्ये सखल जमिनीचा अरुंद पट्टा आहे. येथे वर्षाकाठी २०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या काळात. डोंगरउतारावर मुरलेले पाणी मुरूम व भेगाळलेल्या खडकातून या पट्ट्याकडे झिरपते. या किनारपट्टीतील बेसाल्टात उभ्या भित्ती घुसलेल्या आहेत. भित्ती अखंड असल्यास ती जमिनीखालील बांधासारखी पाणी अडविते, भेगाळलेली असल्यास पाण्याची वाट बनते. उधाणाच्या भरतीत समुद्राची पातळी उंचावल्याने निचरा आणखी मंदावतो.

खडक एकदा भरला की पुढील पावसास मुरण्यास जागा उरत नाही व तो थेट ओढ्यांत उतरतो. अशा रीतीने भूजलपूर व ओढ्याचा पूर एकमेकांस बळ देतात. जुलै २०२१ मध्ये मुसळधार पावसात काशीदजवळील अलिबाग–मुरूड मार्गावरील जुना पूल कोसळून एकाचा मृत्यू झाला. तो आघात पृष्ठप्रवाहाचा होता. तथापि तुडुंब भरलेल्या भूमीवर बांधकामे किती असुरक्षित होतात, याचा विचार अशा प्रसंगी करावा लागतो.

भूजलपुराची मुख्य हानी डोळ्यांस चटकन दिसत नाही. शोषखड्डे व शौचालयांच्या टाक्या भरून त्यांतील घाण उथळ विहिरींत उतरते आणि अतिसार, कावीळ यांसारखे रोग पसरण्याचा धोका संभवतो. रस्त्याचा पाया मऊ होतो, घरांच्या भिंतींत ओल चढते आणि जमिनीत पुरलेल्या रिकाम्या टाक्या पाण्याच्या दाबाने वर उचलल्या जातात. येथे बांध घालून उपयोग होत नाही, कारण पाणी बांधाखालून येते. उपसून काढल्यास सभोवतालचे पाणी त्याची जागा घेते. ओढे व त्यांची मुखे मोकळी ठेवणे, सखल जागी भराव टाकून निचरा न अडविणे, शौचालये विहिरींपासून दूर व उतारावर त्यांच्या खालच्या बाजूस बांधणे आणि विहिरींची पाणीपातळी नियमित नोंदविणे, हे उपाय अधिक परिणामकारक आहेत. शेवटचे काम राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींद्वारे करते.

कोकणात ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेल्या कित्येक विहिरी एप्रिल–मेमध्ये तळ गाठतात. पावसाळ्यातील पूर व उन्हाळ्यातील टंचाई या दोन्हींचे एक मूळ खडकाच्या अल्प साठवणशक्तीत आहे. त्यामुळे एकीचा विचार करताना दुसरी दृष्टीआड करणे उचित ठरत नाही.