काळा पाषाण आणि डार्सीचे सूत्र

पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडीच्या कारखान्यांखाली आणि शिवारांखाली पसरलेला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग याच बसाल्टवर वसला आहे. खडकातून पाणी, तेल किंवा वायू कसा वाहतो याची संगणकावर नक्कल करणे हा पीएचडीनंतरच्या संशोधनाचा जगभर बहरलेला विषय. तो वाढला मुख्यतः तेलाच्या पैशावर; आता भूजल आणि कार्बन साठवणुकीमुळेही त्याला मागणी आहे. आपल्या कातळापुरते मात्र माझे मत असे, की इथे गणित अडत नाही, खडकाची ओळख अडते. म्हणून तरुण संशोधकाची वर्षे आधी त्या ओळखीवर खर्च व्हावीत.

गणित तसे जुनेच आहे. हेन्री डार्सीने 1856 मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अहवाल देताना वाळूच्या थरांवरून नियम मांडला : प्रवाह दाबातील फरकाच्या प्रमाणात वाढतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने 1984 मध्ये ‘मॉडफ्लो’ प्रसिद्ध केले. त्यात जमिनीचे ठोकळे पाडून प्रत्येकात येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडतात. गंगेच्या गाळात हा हिशेब बराच जुळतो. आपल्याकडे मात्र खडक एकसारखा नाही; विहीर खोदणाऱ्याला मुरूम, मांजऱ्या (छिद्राळ बसाल्ट) आणि काळा पाषाण यांतला फरक पहारीच्या आवाजावरूनही कळतो. अखंड पाषाणाला छिद्रे जवळजवळ नसतात, मांजऱ्याची छिद्रे बरीचशी झिओलाइटसारख्या खनिजांनी बुजलेली असतात. पाणी मुख्यतः चालते ते भेगांतून आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यातून. भेगेतला प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंदी दुप्पट झाली तर पाणी आठपट. एका बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, याचे बरेचसे कारण याच घनात आहे.

मोठा संगणक घेतला की प्रश्न सुटेल, असा एक आक्षेप येतो. सी-डॅकने पुण्यातच 1991 मध्ये परम 8000 उभा केला, म्हणजे यंत्राचे आपल्याला वावडे नाही. पण भेगेची रुंदीच अंदाजाने घातली असेल, तर ठोकळे बारीक केल्याने चुकीचा अंदाजच बारीक होतो. खडकाचा सीटी स्कॅन काढून छिद्रे मोजता येतात हे खरे. मात्र पाणी नेणारी भेग बहुधा त्या मुठीएवढ्या नमुन्याच्या बाहेरच राहते. दुसरा आक्षेप उलटा : मग विहिरी मोजणे पुरेसे नाही का? राज्याची 1972 पासूनची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजतेच, पुण्यातली ‘ॲक्वाडॅम’ ही संस्था गावोगाव जलधर (भूजल धरणारे थर) ओळखायला शिकवते. या कामांवाचून नक्कल पोकळच. तरीही मोजणी झालेले सांगते, नवे बोअर वाढले तर काय होईल हे नाही. भेगांची शेकडो संभाव्य जाळी रचून उत्तरे काढली, की ती कुठे सर्वांत जास्त फाकतात हे दिसते. पुढचा उपसा-प्रयोग तिथेच घ्यावा. (मे महिन्यातल्या पंपाजवळच्या अशा दिवसांतून शोधनिबंध चटकन निघत नाही, ही अडचण वेगळी.)

एकाच आकड्याऐवजी संभाव्य उत्तरांचा असा पट्टा दिला तर ग्रामसभेने काय ठरवायचे, असेही विचारतील. शंभर जाळ्यांपैकी सर्वांत उदार जाळ्यातही पाणी एप्रिलपर्यंत पुरत नसेल, तर उसाबद्दलचा निर्णय तेवढ्यावरही घेता येतो.