प्रांत मागणं म्हणजे देश मोडणं नव्हे

संयुक्त महाराष्ट्राचा विषय निघाला की बारामती-इंदापूरकडे काही ठरलेली विधानं ऐकू येतात. ती एकेक तपासून पाहू.

गैरसमज : भाषावार राज्याची मागणी स्वातंत्र्यानंतर पुढाऱ्यांनी उकरून काढली.

वस्तुस्थिती : काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनातच भाषावार प्रांतिक समित्यांचं तत्त्व मान्य केलं. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हा इंग्रज इथेच होते.

गैरसमज : राज्य मागणारे ते फुटीरच.

वस्तुस्थिती : स्पेनमध्ये कॅटलोनिया या प्रांताबाबत हाच वाद पेटला होता. कॅटलोनिया हेच एक राष्ट्र आहे, असं कॅटलान पुढारी प्रात द ला रीबा यांनी १९०६ मध्ये मांडलं. १९३२ मध्ये कॅटलोनियाच्या स्वायत्ततेवरून संसदेत तत्त्वज्ञ ओर्तेगा आणि पंतप्रधान आसान्या यांची जुंपली. संयुक्त महाराष्ट्र समितीची मागणी याहून साधी होती : भारतातलंच एक राज्य. नवी राज्यं करण्याचा अधिकार घटनेच्या कलम ३ ने संसदेला दिलेलाच आहे. मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही, या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. त्यांना कोण फुटीर म्हणेल?

गैरसमज : समितीवाले एका बाजूला, काँग्रेसवाले दुसऱ्या.

वस्तुस्थिती : बारामतीचा इतिहास इतका सरळ नाही. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात ज्या सभेत समिती स्थापन झाली, तिचे अध्यक्ष केशवराव जेधे होते. तेच १९५७ मध्ये बारामतीतून काँग्रेसचे खासदार झाले. त्यांच्या निधनानंतर १९६० च्या पोटनिवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाने वसंतराव पवारांना उभं केलं. त्यांचे धाकटे बंधू शरद पवार मात्र काँग्रेसचा प्रचार करत होते. निवडून आले काँग्रेसचे गुलाबराव जेधे.

गैरसमज : १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि सगळं मिटलं.

वस्तुस्थिती : बेळगाव, निपाणी, कारवार बाहेरच राहिले; त्यासाठी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. राज्याच्या आतही प्रादेशिक तक्रारी उरल्या. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला आश्वासनं दिली होती. कलम ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळं १९९४ मध्ये आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. बारामती-इंदापूर यांतल्या ‘उर्वरित’मध्ये मोडतात.

वेगळ्या विदर्भाची मागणी पटो वा न पटो, ती करणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याआधी एवढं लक्षात ठेवावं, की १९५६ साली हाच शिक्का आपल्यावरही मारला जात होता.