रोममधील खून आणि वकिलाची साक्ष

रोम शहरात इ. स. पूर्व ८० साली एखाद्याचा खून झाला, तर त्याच्या घरच्यांनी दाद मागण्यास कोणाकडे जावयाचे? लाखो वस्तीचे ते शहर; पण रात्री रस्त्यावर दिवा नाही, आणि तपास करणारे पोलीसखाते म्हणून काही नाही. रात्रीची गस्त घालणारी व आगी विझविणारी पथके ऑगस्टसने उभारली ती इ. स. ६ मध्ये, म्हणजे पंचाऐंशी वर्षांनी. सरकारी वकीलही नव्हता. ज्याला फिर्याद करावयाची त्याने स्वतः उभे राहावे, पुरावा आपला आपण जमवावा. आणि आरोपीनेही आपला वकील शोधून आपली सुटका करून घ्यावी. अर्नाळकरांच्या झुंजारवर पोसलेल्या आपल्या मराठी वाचकाला अशा शहरात चुकल्याचुकल्यासारखे होईल. वॉरंट घेऊन दाराशी येणारा इन्स्पेक्टर तेथे येणारच नाही.

नेमकी हीच रिकामी जागा स्टीव्हन सेलर या अमेरिकन लेखकाने हेरली. १९९१ साली त्याची 'रोमन ब्लड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि त्यातून जी रहस्यकथामाला वाढली ती २०१८ च्या 'द थ्रोन ऑफ सीझर'पर्यंत चालत आली. मालेचे नाव 'रोमा सब रोझा'. गुलाबाखाली बोललेले गुपित राहावे, असा त्या लॅटिन शब्दांमागचा संकेत आहे. नायक गॉर्डियानस हा ना सरदार, ना वकील. वकिलांना हवी असलेली माहिती पैसे घेऊन शोधून आणणारा हा एक साधा नागरिक. लोक त्याला 'शोधक' म्हणतात. हा धंदा लेखकाने कल्पिला आहे खरा, परंतु वर सांगितलेली न्यायव्यवस्था ध्यानात घेतली की असा माणूस तेथे असलाच पाहिजे असे वाटू लागते.

पहिल्या कादंबरीतला खटला मात्र कल्पित नाही. अमेरिया गावचा सेक्स्टस रॉशियस नावाचा सधन जमीनदार रोममध्ये एका रात्री मेजवानीहून परतताना मारला गेला. हुकूमशहा सुल्लाने ज्यांची मालमत्ता जप्त करावयाची व ज्यांना कोणीही ठार मारावे, अशांच्या याद्या जाहीर केल्या होत्या, त्या इ. स. पूर्व ८१ च्या १ जूनला बंद झाल्या. हा खून त्यानंतर काही महिन्यांनी झाला, तरीही मृताचे नाव यादीत शिरले! साठ लाख सेस्टर्स किमतीची त्याची मालमत्ता सुल्लाचा मर्जीतला मुक्त गुलाम क्रायसोगोनस याने अवघ्या दोन हजारांत विकत घेतली. तेरा शेते होती, बहुतेक टायबर नदीच्या काठची. आणि बापाच्या खुनाचा आरोप आला तो मुलावर. पितृहत्येची शिक्षा म्हणजे गुन्हेगाराला जिवंतपणी कातड्याच्या पोत्यात शिवून पाण्यात फेकणे.

मुलाचे वकीलपत्र सव्विशीतल्या सिसेरोने घेतले. ते भाषण आजही उपलब्ध आहे, आणि त्यातला खटका एकच: या खुनाने कोणाचा फायदा झाला? खुनाची बातमी एका रात्रीत दहा तासांत छप्पन्न मैल दौडत अमेरियाला पोचली, पण मुलाच्या घरी नव्हे, शत्रूच्या घरी, हे सिसेरो मोठ्या खुबीने मांडतो. आरोपी सुटला.

हे वाचून आपण सिसेरोच्या बाजूचे होऊन जातो. पण मंडळी, थांबले पाहिजे. फिर्यादी इरुशियसचे भाषण आपल्यापाशी नाही. आपण जे वाचतो ते आरोपीच्या वकिलाचे म्हणणे आहे. न्यायाधीशाचा निवाडा नव्हे. सेलरचे मोठेपण मला येथे दिसते. त्याने सिसेरोच्या भाषणाला इतिहास न मानता साक्ष मानले, आणि साक्षीची जशी उलटतपासणी करावयाची तशी केली. त्यातून तो कोणत्या निष्कर्षाला येतो, ते येथे सांगणे म्हणजे वाचकाचा घात करणे होय.

याच भाषणात एक गोष्ट सहजासारखी येऊन जाते. खुनाच्या वेळी मृताचे गुलाम त्याच्याजवळ होते. त्यांतल्या दोघांची चौकशी व्हावी असे मुलाने मागितले. नव्या मालकांनी ते गुलाम दिले नाहीत. गुलामाची साक्ष त्या काळी छळ करूनच घेतली जाई, हेही येथे सांगितले पाहिजे. म्हणजे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले ते कोर्टापुढे आलेच नाहीत, आणि आले असते तर यातनागृहातून आले असते. कादंबरीत खून पाहणाऱ्यांमध्ये एक मुका मुलगा आहे, एको त्याचे नाव. पुढे गॉर्डियानस त्याला दत्तक घेतो. हा योगायोग नसावा असे मला वाटते.

दुसऱ्या 'आर्म्स ऑफ नेमेसिस' (१९९२) या कादंबरीत तर हाच विषय मध्यावर आहे. घरातला एक माणूस मारला गेला, संशय पळालेल्या दोन गुलामांवर, आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना मारावयाचे ठरलेले. हा प्रसंग कल्पित आहे, पण अतिशयोक्त नाही. इ. स. ६१ मध्ये नगरप्रमुख पेडानियसचा त्याच्याच गुलामाने खून केला, तेव्हा घरातले चारशे गुलाम ठार मारण्यात आले; टॅसिटसने ती हकीकत लिहून ठेवली आहे.

'अ मर्डर ऑन द ॲपियन वे' (१९९६) यातला क्लोडियसचा खून इ. स. पूर्व ५२ च्या १८ जानेवारीचा. येथे मात्र सिसेरोची उलटतपासणी करण्यास दुसरा साक्षीदार मिळतो. मिलोच्या बचावाच्या भाषणात सिसेरो म्हणतो की, क्लोडियसनेच दबा धरला होता. सुमारे शंभर वर्षांनी अस्कोनियस नावाच्या भाष्यकाराने आपल्या मुलांसाठी त्या भाषणावर टीपा लिहिल्या. त्यांत तो सांगतो की गाठ अकस्मात पडली, भांडण गुलामांत लागले, आणि जखमी क्लोडियसला खाणावळीतून बाहेर ओढून मारले ते मिलोच्या हुकमावरून. मिलोने आपल्या गुलामांना खटल्यापूर्वीच मुक्त केले होते. सिसेरोच्या मते ती कृतज्ञता; पण मुक्त माणसाचा छळ करून साक्ष काढता येत नसे, हेही तितकेच खरे.

कोर्टाभोवती सैनिक उभे होते, सिसेरो नेहमीच्या धीराने बोलू शकला नाही, आणि मिलोला ३८ विरुद्ध १३ मतांनी दोषी ठरविण्यात आले. आपल्याला मिळणारे सुरेख भाषण नंतर लिहून काढलेले आहे. ते हद्दपार मिलोला मार्सेयला पाठविले, तेव्हा तो म्हणाला म्हणे की, हे कोर्टात असेच बोलला असतास तर येथले इतके चवदार मासे मला खावयास मिळाले नसते.