आमवातातील स्टिरॉईडचा क्रमशः त्याग

आमवाताचा जुना रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा प्रेडनिसोलोनची पट्टी असते, सोबत मिथोट्रेक्झेट असते आणि मुखी एकच मागणी असते : "वैद्यराज, ही स्टिरॉईडची गोळी तेवढी सोडवा." मागणी रास्त आहे. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉईडने हाडे ठिसूळ होतात, रक्तशर्करा व रक्तदाब वाढतो, मोतीबिंदू होतो, त्वचा पातळ होते, जंतुसंसर्ग बळावतो. आधुनिक संधिरोगतज्ज्ञही याबाबत वेगळे सांगत नाहीत. युरोपीय संधिरोग संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत स्टिरॉईड उपचाराच्या आरंभी अल्पकाळ द्यावे व शक्य तितक्या लवकर कमी करून बंद करावे, असेच म्हटले आहे. गोळी सुटावी यावर एकमत आहे. ती कशी सोडवावी, एवढाच प्रश्न आहे. आपल्या व्यवसायात काही ठिकाणी पहिल्याच भेटीत "आजपासून ती गोळी बंद" असे सांगितले जाते व त्याची गणना धाडसात होते. आमच्या मते ही अनभिज्ञता आहे, आणि प्रसंगी रुग्णाला तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

(आमवात आणि ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस हे तंतोतंत एकच नव्हेत, हे आम्ही जाणतो. येथे व्यवहारातील रूढ अर्थ घेतला आहे.)

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन दिले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले आणि १९५० साली हेंच, केंडाल व राइखश्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, कॉर्टिसोन घेत असलेल्या संधिवाताच्या एका तरुण रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकल्या होत्या.

त्या का सुकतात? निरोगी शरीरात या ग्रंथी दररोज कॉर्टिसॉल स्रवतात व त्यांना मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीकडून आज्ञा मिळते. बाहेरून स्टिरॉईड मिळू लागले की ही आज्ञा थांबते, आणि आज्ञेविना ग्रंथी निष्क्रिय होतात. शरीराची रोजची गरज साधारणतः ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी असते. याहून अधिक मात्रा तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ घेतलेल्या प्रत्येक रुग्णात ग्रंथी निद्रिस्त असण्याची शक्यता धरावी. त्या जागृत होण्यास महिने लागतात, क्वचित वर्षाहून अधिक. मधल्या काळात गोळी अचानक बंद झाली तर रक्तदाब कोसळणे, उलट्या, पोटदुखी, रक्तशर्करा घटणे, मूर्च्छा आणि मृत्यू असा क्रम संभवतो.

आता आपल्या चिकित्सेकडे वळू. चक्रदत्ताने आमवातात लंघन, स्वेदन, तिक्त-कटु दीपन द्रव्ये, विरेचन, स्नेहपान व बस्ती असा क्रम सांगितला आहे. ज्याची अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त आहे अशा रुग्णाची गोळी बंद करून त्याच आठवड्यात आपण लंघन व विरेचन दिले, तर काय होईल? उपवासाने शर्करा घटते, विरेचनाने जल व लवण जाते आणि हा ताण सोसण्यासाठी लागणारे कॉर्टिसॉल शरीरात नाही. रुग्णाला ग्लानी, अरुची, हृल्लास, अंगमर्द होतात. ही सारी लक्षणे सामावस्थेचीही आहेत. वैद्य म्हणतो, आम अजून पचलेला नाही, लंघन वाढवा. आम्हाला सर्वांत मोठा धोका येथे दिसतो. ज्याला त्या घटकेला लवण, जल आणि हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन हवे असते, त्याला आपण आणखी एक दिवस उपाशी ठेवतो. स्टिरॉईडवरील रुग्णात तीव्र शोधन टाळावे. मृदू दीपन-पाचन, वालुकास्वेद, शुंठी, अल्पमात्रेत एरंडस्नेह, सिंहनाद गुग्गुळ यांवर भर द्यावा आणि रुग्णाला उपाशी ठेवू नये.

क्रमशः त्यागाचे तत्त्व आपल्याला परके नाही. अंगवळणी पडलेले अहितकर द्रव्यही एकदम सोडू नये, हे चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. वाग्भट तर चतुर्थांशाने किंवा चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाने सोडावे, इतक्या सूक्ष्मतेत जातो.

व्यवहारात हे असे घडते. प्रथम व्याधी शांत हवा. सूज व सकाळची जखडण कमी होऊन सी.आर.पी. स्थिरावल्यावरच मात्रा उतरवण्यास आरंभ करावा, आणि तोही मूळ गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने. प्रेडनिसोलोन २० ते ४० मिलिग्रॅम असेल तर आठवड्याला ५ मिलिग्रॅम, १० ते २० असेल तर एक ते चार आठवड्यांनी १ ते २.५ मिलिग्रॅम, आणि १० च्या खाली एक ते चार आठवड्यांनी १ मिलिग्रॅम अशी घट २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहे. ५ मिलिग्रॅमच्या खाली घाई मुळीच नको. शेवटची गोळी घेऊन चोवीस तास झाल्यावर, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी सकाळी आठ-नऊच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल तपासावे. ते १० मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरहून अधिक असल्यास गोळी बंद करता येते. ५ हून कमी असल्यास तीच मात्रा चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासावे. मधल्या आकड्यास काही आठवडे थांबावे. या काळात मिथोट्रेक्झेट त्याच दमात बंद करू नये. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर दुखणे कशाने वाढले, हे कोणालाच सांगता येत नाही.

उतरणीत सांधे दुखू लागले तरी लगेच निष्कर्ष काढू नये. सूज, उष्णता व सी.आर.पी. वाढले तर व्याधी उलटला आहे. सूज नाही, सी.आर.पी. नेहमीसारखे, केवळ स्नायू व सांधे ठणकतात आणि मन खिन्न आहे, तर हा सवय सुटण्याचा त्रास असू शकतो. मात्रा मागे नेऊन उतरण संथ करावी. उभे राहताच अंधारी, उलटी, वजन घटणे ही मात्र ग्रंथीची हाक समजून रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. या काळात ताप, अतिसार, अपघात वा शस्त्रक्रिया उद्भवल्यास मात्रा तात्पुरती वाढवावी लागते. म्हणून "मी स्टिरॉईड घेत होतो" अशी चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असावी, अगदी गोळी बंद झाल्यानंतरही वर्षभर.

अश्वगंधा वा यष्टीमधु हे स्टिरॉईडला पर्याय आहेत, असे सर्रास सांगितले जाते. यष्टीमधूतील ग्लिसरायझिन कॉर्टिसॉलचे विघटन रोखते, नवे कॉर्टिसॉल निर्माण करत नाही. अधिक मात्रेत रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. तणावग्रस्तांवरील काही अभ्यासांत अश्वगंधेने रक्तातील कॉर्टिसॉल उलट घटलेले दिसले आहे.

औषधविक्रेत्यांनी एक हिशेब ध्यानी ठेवावा : प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डिफ्लाझाकॉर्ट ६, डेक्सामेथासोन ०.७५ मिलिग्रॅम. पट्टी संपली म्हणून "तसलेच दुसरे" देणे येथे चालत नाही. अडीच मिलिग्रॅमची गोळी दुकानात ठेवावी. तिच्याविना उतरणीचे शेवटचे टप्पे अडतात. ही औषधे अनुसूची 'एच' मधील आहेत, याचे स्मरण देण्याची गरज नसावी.

राहिला पुड्यांचा विषय. नाव नसलेली "गुडघेदुखीची आयुर्वेदिक पुडी" घेऊन दोन दिवसांत चालू लागलेला, गोल चेहऱ्याचा, हातांवर निळे डाग असलेला रुग्ण आपण सर्वांनी पाहिला आहे. अशा पुडीत स्टिरॉईड असल्याचे गृहीत धरून चालावे. संतापाच्या भरात ती गटारात फेकून देऊ नये, कारण त्या रुग्णाचीही ग्रंथी निद्रिस्त असू शकते आणि त्याला स्वतःची मात्राही ठाऊक नसते. त्याला त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवावे. ते ठरावीक मात्रेचे प्रेडनिसोलोन सुरू करून उतरण आखतील. उरलेल्या पुड्या पुरावा म्हणून जपून ठेवाव्यात आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारीसह द्याव्यात.