कुदळ उसळवणारी जमीन

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टुसॉनच्या आसपास झाडासाठी खड्डा घ्यायला गेले, की अनेक ठिकाणी हातभर माती निघते न निघते तोच कुदळ खणकन आदळते. खाली पांढुरका, काँक्रीटसारखा टणक थर. तिथले लोक त्याला कलीची म्हणतात. त्यावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले की तो फसफसतो. चुन्याची ही सरळ खूण.

हा थर तयार होतो तो पाऊस अपुरा असल्यामुळेच. पाणी धुळीतला आणि खडकातला चुना विरघळवून थोडे खाली नेते, पण तिथेच आटते. चुना मागे राहतो. न्यू मेक्सिकोत लास क्रुसेसच्या परिसरात अभ्यास करणाऱ्या गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी १९६६ मध्ये या घडणीच्या चार पायऱ्या मांडल्या. सुरुवातीला गोट्यांवर नुसता पातळ लेप चढतो. पुढे मातीतली छिद्रे बुजतात आणि शेवटी अखंड फरशी तयार होते. याला हजारो वर्षे लागतात.

अशा जमिनीत पाणी मुरत नाही, क्षार साचतात, मुळे कुजतात. जादा चुन्यामुळे लोह असूनही झाडाला मिळत नाही; पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या. महाराष्ट्रात चुनखडीच्या रानात उसावर पडणारा केवडा याच जातीचा. पहारीने थर आरपार फोडला, तरच झाड तग धरते.

तरीही या जमिनीला नापीक म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे. वाळवंटी कासवे याच थराच्या कपारींत आसरा घेतात. ॲरिझोनातल्या प्राचीन होहोकाम लोकांनी तर १३५०च्या सुमारास कलीची कालवून कासा ग्रांदे ही चार मजली वास्तू उभारली. तिच्या भिंती पायथ्याशी सुमारे १.२ मीटर जाड आहेत आणि १९३२ पासून पोलादी छपराखाली जपल्या आहेत.