चांदण्यांसाठी रस्त्यावर

सोनगीरला, किल्ल्याच्या पायथ्याशी भर रस्त्यावर दुर्बीण मांडायची तर अमावास्येची वाट पाहू नका. दिव्यांच्या उजेडात फिकट तारे हरवतात. चंद्र, गुरू, शनी मात्र स्पष्ट दिसतात. चंद्रासाठी शुद्ध अष्टमीची संध्याकाळ सर्वांत चांगली. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, विवरं सपाट भासतात. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर ते तिरपं येतं आणि डोंगरांच्या लांबच लांब सावल्या दिसतात.

रस्त्यावर दुर्बीण मांडायची ही रीत रुजवली जॉन डॉब्सन यांनी. वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी असताना ते जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून दुर्बिणीचे आरसे करत. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्यासोबत फुटपाथवर आकाश दाखवणारा गट उभा राहिला. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे.

मोटर नसलेली दुर्बीण सारखी सरकवावी लागते, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा पुढे जातो. ही अडचण नव्हे, मोठी संधी आहे. पृथ्वी फिरताना इतकी उघड दुसरीकडे कुठं दिसणार? म्हणून रांग लांबली तरी पोरांना, आजीबाईंना घाई करू नका. शनीची कडी पाहून कुणी ‘आत चित्र चिकटवलंय का?’ असं विचारलं, तर दुर्बीण किंचित हलवून दाखवा.